तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात काळंबेरंच का दिसतं?

हा प्रश्न मला विचारणाऱ्यांचे दोन गट आहेत. सरकार बदललं की ते आपापसांत जागा बदलतात. कालपर्यंत माझ्या बोलण्यावर माना डोलावणारे आज "काकू, तुमचं अती होतंय" म्हणायला लागतात आणि काल तोंड फिरवणारे आज माझं तेच बोलणं चार ग्रुपांवर पुढे ढकलतात. प्रश्न मात्र तोच. सरकारच्या प्रत्येक निर्णयात तुम्हाला काळंबेरंच का दिसतं? चांगलं काही होतच नाही का या राज्यात? धाकटी जाऊ हे काळजीने विचारते, शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ चिडून विचारतात, आणि बहिणीचा मुलगा फोनवर हसरं तोंड टाकून विचारतो.

एकदाच नीट उत्तर देते, म्हणजे परत परत नको.

माझी उमेदीची वर्षं एका जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात गेली. देयकं तपासणं हे माझं काम. देयक तपासणारी बाई ठेकेदाराला चोर समजत नाही आणि साधूही समजत नाही. मोजमाप पुस्तिकेत रस्त्याची लांबी काय लिहिली आहे आणि देयकात काय लिहिली आहे, ते जुळतंय का एवढंच ती बघते. जुळलं की पुढे पाठवायचं, नाही जुळलं की समासात आक्षेप लिहायचा. त्यात राग नाही, राजकारण तर नाहीच. पण ही सवय निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात ठेवून येता येत नाही. आता समोर देयकं नाहीत, तर मी शासन निर्णय वाचते. तुमच्या भाषेत जीआर.

बातमीत निर्णय कळतो, जीआरमध्ये तो कसा झाला ते कळतं. मी तो शेवटून वाचते. सगळ्यात खाली प्रती कुणाकुणाला गेल्या त्याची यादी, शेवटी 'निवड नस्ती', म्हणजे दप्तरी ठेवायची फाईल. त्याच्या वर 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आणि सही. त्याच्याही वर एक रटाळ परिच्छेद असतो: हा निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने, त्यांच्या अमुक अनौपचारिक संदर्भान्वये काढण्यात येत आहे. पैशाचा मामला आहे आणि हा परिच्छेद नाही, तर माझी पेन्सिल थांबते. 'विशेष बाब म्हणून' दिसलं की थांबते. 'पूर्वोदाहरण समजण्यात येऊ नये' असं असेल तर बाजूला खूण करते, कारण ज्याने हे लिहिलं त्याला स्वतःलाच ठाऊक होतं की दुसऱ्या कुणी हेच मागितलं तर नाही म्हणायला तोंड उरणार नाही. मग तारीख. १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. त्यानंतरही सरकारी संकेतस्थळावर जीआर चढतच राहिले, निवडणूक आयोगाने विचारणा केली, आणि मग काही उतरवले गेले. निर्णय चांगला असेलही, पण तो रातोरात का चढवावा लागला हे विचारणं म्हणजे निर्णयाला विरोध करणं नव्हे. हा फरक मी जावेला बरेचदा सांगितला आहे. तिला तो पटतो, पण टीव्ही लागेपर्यंतच.

आता घोटाळ्यांकडे येते, कारण खरा प्रश्न तुम्हाला तिथेच असतो.

पाटबंधारे खात्यात एक शब्द रोजच्या बोलण्यात आहे: सुप्रमा. सुधारित प्रशासकीय मान्यता. धरण सुरू करताना एक किंमत ठरते, काम लांबतं, किंमत वाढते, मग सुप्रमा काढायची. त्या प्रस्तावात एक तक्ता असतो आणि वाढ कशामुळे झाली त्याचे रकाने ठरलेले असतात: दरसूचीतील बदल, भूसंपादनाच्या किमतीतील वाढ, संकल्पचित्रातील बदल, अपुऱ्या तरतुदी, इतर कारणे. दरसूची आणि भूसंपादन समजू शकतं, महागाई कुणाला सुटली आहे? पण 'अपुऱ्या तरतुदी' या रकान्याचा अर्थ असा, की पहिल्यांदा हिशेब केला तेव्हाच तो कमी दाखवला गेला. एकदा काम सुरू झालं की बंद पाडणार कोण? विदर्भातल्या गोसीखुर्दची मूळ किंमत ३७२ कोटी होती. एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. ती किंमत पुढे १८ हजार कोटींच्या वर गेली. २००९ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत काही महिन्यांत सुमारे ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. वीस हजार कोटींची वाढ, आणि वर्ष निवडणुकीचं. तपासणाऱ्या बाईला याहून जास्त काही लागत नाही. आक्षेप इथे लिहायचा.

पण लोकांच्या डोक्यात आहे तो हा आकडा नाही. लोकांच्या डोक्यात आहे '७० हजार कोटींचा सिंचन घोटाळा'. तो कुठून आला? २०१२ च्या आर्थिक पाहणीत दिसलं की एकूण पीकक्षेत्रात सिंचित क्षेत्राचं प्रमाण दहा वर्षांत १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेलं. दहा वर्षांचा सिंचनावरचा खर्च म्हणून ७० हजार कोटी हा आकडा पुढे आला. दोन्ही शेजारी ठेवले आणि खर्चाचा आकडा बघता बघता चोरीचा आकडा झाला. एकही कालवा, एकही विहीर, एकही धरणाची भिंत त्या पैशात उभी राहिली नाही असं मानलं तरच तो आकडा खरा. पुढे अजित पवारांनी जाहीर सभेत विचारलंच, की एकूण खर्च ४२ हजार कोटी, मग घोटाळा ७० हजार कोटींचा कसा? फुगवलेला आरोप असा आरोपीच्याच कामी येतो. ३८ प्रकल्पांच्या वाढीवर उत्तर देणं अवघड होतं, ७० हजार कोटींवर सोपं होतं. साप म्हणून भुई धोपटली, आणि साप कुंपणापलीकडे.

म्हणून मी विचारणाऱ्यांना सांगते, माझा अविश्वास फक्त सरकारवर नाही. घोटाळा 'उघड' करणाऱ्यावरही तेवढाच आहे, आणि तो कमी पडला तर दुसऱ्याचा काही उपयोग नाही.

'आदर्श'चं बघा. कुलाब्याची ती ३१ मजली इमारत म्हटली की आजही लोक म्हणतात, कारगिलच्या शहिदांच्या विधवांची घरं लाटली. नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाणांचं मुख्यमंत्रिपद गेलं ते याच संतापात. न्यायमूर्ती जे. ए. पाटील यांच्या आयोगाने मात्र जमीन राज्य सरकारची असल्याचं सांगितलं, आणि ती कारगिलच्या कुटुंबांसाठी राखीव नव्हती असंही सांगितलं. मग सगळं ठीक होतं का? मुळीच नाही. त्याच आयोगाने १०२ सभासदांपैकी २५ अपात्र ठरवले. शेजारून जाणाऱ्या कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाची आखलेली रुंदी कमी करणं, लगतच्या बेस्टच्या भूखंडाचं चटईक्षेत्र, म्हणजे तिथला बांधकामाचा हक्क, सोसायटीला देणं, ज्यांच्या टेबलावरून नस्ती गेली त्यांच्याच नातलगांना सदनिका मिळणं, खरा मसाला हा होता. पण रस्त्याच्या रुंदीवर कुणी मोर्चा काढत नाही. चटईक्षेत्र हा शब्द ऐकला की वाहिनी बदलली जाते. शहिदांच्या विधवा म्हटलं की डोळे भरतात, मग राजीनामा मिळतो, आणि राजीनामा मिळाला की सगळे घरी जातात.

पुढचं किती जणांना आठवतं? आयोगाने अंतिम अहवाल एप्रिल २०१३ मध्ये दिला. चौकशी आयोगाच्या १९५२ च्या कायद्यात अहवाल कृती अहवालासह सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा असं आहे. तो ठेवला गेला २० डिसेंबरला, नागपूर अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आणि मंत्रिमंडळाने तो फेटाळल्याचं त्याच दिवशी कळलं. राहुल गांधींनी उघड नाराजी दाखवल्यावर जानेवारीत काही भाग स्वीकारला. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने इमारत पाडायला सांगितली, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले, त्याच भाजपमध्ये जो 'आदर्श'वर वर्षानुवर्षं भाषणं करत होता. शेजारच्या गृहस्थांना हे सांगितलं की ते म्हणतात, "ते राजकारण झालं हो." मग मी काय वेगळं सांगत होते?

महाविकास आघाडीच्या बाबतीत मी गप्प बसते असाही एक आरोप आहे. मार्च २०२१ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून नुकतेच हटवलेले परमबीर सिंग यांनी पत्र लिहिलं: गृहमंत्री अनिल देशमुखांनी पोलिसांना महिन्याला १०० कोटी वसुलीचं लक्ष्य दिलं होतं. 'शंभर कोटी' हे त्या वर्षाचं घोषवाक्य झालं. एप्रिलमध्ये देशमुखांचा राजीनामा, नोव्हेंबरात अटक. सक्तवसुली संचालनालयाच्या प्रकरणात बारमालकांकडून गोळा केल्याचा आकडा होता ४ कोटी ७० लाख. आणि ज्यांनी पत्र लिहिलं त्यांनी या आरोपांची चौकशी करणाऱ्या चांदीवाल आयोगापुढे सांगितलं, पत्रापलीकडे आपल्याकडे पुरावा नाही. पावणेपाच कोटी ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे, गृहमंत्र्याच्या नावाने एक रुपया उकळला गेला तरी तो गुन्हाच. पण शंभर आणि पावणेपाच यांच्यामधल्या जागेत दोन्ही पक्ष आरामात राहायला गेले. एका बाजूला 'वसुली सरकार', दुसऱ्या बाजूला 'सूडाची कारवाई'. आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये अहवाल दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, त्यात काय आहे यावर वाद चालू होता, कारण तो सभागृहाच्या पटलावर आलाच नव्हता. या मधल्या काळात दोन्ही बाजूंची सरकारं होऊन गेली. एकालाही तो मांडावासा वाटला नाही, याचं मला सगळ्यात नवल वाटतं.

चिक्कीच्या प्रकरणात तर मी एकटी पडले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये महिला व बालविकास खात्याने एका दिवसात २४ जीआर काढून चिक्की वगैरेंच्या २०६ कोटींच्या खरेदीला मान्यता दिली, ई-निविदा न काढता, दरकरारावर, म्हणजे आधीच ठरलेल्या दराने. तीन लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा हवी असा तेव्हाचा दंडक होता. विरोधक म्हणाले २०६ कोटींचा घोटाळा, म्हणजे पुन्हा एकूण रकमेलाच चोरी म्हटलं. खात्याच्या तेव्हाच्या मंत्री पंकजा मुंडे म्हणाल्या, दरकरार नियमात बसतो, आणि खरेदी केली नसती तर निधी परत गेला असता. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला पुढे त्यात काही सापडलं नाही. आता, निधी परत जाण्याचं कारण मी फेटाळू शकत नाही. मार्च महिन्यात निधीवाटपाच्या बीडीएस प्रणालीवर निधी कधी येतो आणि कोषागारात देयक किती वाजता स्वीकारलं जातं हे मी जवळून पाहिलं आहे. ३१ मार्चच्या रात्री एका टेबलावर तिघीजणी देयकं मारत बसलोय आणि वरून फोन येतोय, "निधी व्यपगत झाला तर जबाबदारी तुमची." अशा घाईत कुणी चोरी केलीच पाहिजे असं नाही. पण चोरी करायची असेल तर याहून सोयीची वेळ नाही. म्हणून माझा प्रश्न मंत्र्यांच्या हेतूबद्दल नव्हता. वर्षभर रिकामा बसणारा निधी नेमका फेब्रुवारी-मार्चमध्येच का जागा होतो, हा होता. तो कुणालाच नको होता. एका गटाला चोर हवा होता, दुसऱ्याला क्लीन चिट.

राजीनाम्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपल्याकडे राजीनामा म्हणजेच न्याय असं धरून चालतात. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हा मी शाळेत होते. सिमेंट परमिटवर मिळायचं. माझ्या वडिलांनी न्हाणीघराची भिंत घालायला तहसील कचेरीत किती खेटे घातले ते मला आठवतं. मुंबईत मात्र बिल्डरांना कोटा मिळत होता आणि मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानाला देणग्या. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला, अंतुले गेले. वडील त्या दिवशी खूश होते. फौजदारी खटला त्यानंतर वर्षानुवर्षं सर्वोच्च न्यायालयात वरखाली होत राहिला, ते आमच्या घरात कुणी वाचलं नाही. सिंचनातही तेच. सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार पायउतार, नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका, आणि ७ डिसेंबरला पुन्हा त्याच पदाची शपथ. पुढच्या वर्षी सिंचनाची चौकशी करणाऱ्या चितळे समितीकडे भाजपच्या नेत्यांनी, ते तेव्हा विरोधात होते, बैलगाडीतून पुरावे नेले. छायाचित्रं झकास आली होती. सहा वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे, बैलगाडीवाल्या पक्षाने आणि ज्यांच्यावर ती गाडी चालून गेली होती त्यांनी एकत्र शपथ घेतली. दोनच दिवसांनी लाचलुचपत विभागाने सिंचनाची नऊ प्रकरणं बंद केली. त्या प्रकरणांचा पवारांशी संबंध नाही असं विभागाने सांगितलं. असेल बुवा. पण वेळेचा योग असा जुळून आला की खुलासा करणाऱ्यांनाही हसू आवरलं नसेल.

सगळं हसण्यावारी नेता येत नाही, पण काही वेळा हसण्यासाठीच दिलेलं असतं. जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळताना दिसले. आठवडाभर दुसरा विषय नव्हता. शेवटी त्यांना कृषी काढून क्रीडा खातं दिलं, आणि त्यावर विनोद करायला कुणी शिल्लक राहिलं नाही. त्याच अधिवेशनात शहरी नक्षलवाद रोखण्याच्या नावाने आणलेलं जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. त्याच्या मसुद्यावर बारा हजारांहून जास्त हरकती आणि सूचना आल्या होत्या. विधानसभेत ठाम विरोध नोंदवला तो माकपच्या एकट्या आमदाराने. बहिणीच्या मुलाला मी विचारलं, जनसुरक्षा वाचलंस का? तो म्हणाला, "मावशी, ते मोठं आहे." रमीचा व्हिडिओ छोटा होता.

लाडक्या बहिणीबद्दल तर विचारूच नका, असं म्हणते आणि तरी सांगते. पंधराशे रुपये बाईच्या खात्यावर थेट गेले, याचा मला आनंदच आहे. माझ्याकडे धुणीभांडी करणारी बाई त्या पैशांतून मुलीचा बसचा पास काढते. माझा आक्षेप क्रमाला आहे. २८ जून २०२४ चा जीआर, अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, चारचाकी नको, सगळ्या अटी त्यात आहेत. नोव्हेंबरपर्यंत पैसे सगळ्यांना. निवडणूक झाली, महिना एकवीसशे देण्याचं आश्वासन मागे पडलं, आणि जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसत असल्याने त्यांचे पैसे थांबवले. अटी त्याच होत्या. तपासणी आधी न होता नंतर झाली, एवढंच. जिल्हा परिषदेत आधी देयक अदा करून मग मोजमाप घेतलं असतं तर मला निलंबित केलं असतं.

"मग चांगलं काही आहे का?" आहे की. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या निघतो, त्यासाठी मी कितीतरी जणांना सरकारची शिफारस केली आहे. डिसेंबर २०१६ ची खरेदीची नियमपुस्तिका वाचनीय आहे, असं म्हटलं की लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. आणि गणवेशाचं प्रकरण. आधी शाळा व्यवस्थापन समितीकडे पैसे यायचे आणि गावातला शिंपी मापं घ्यायचा. २०२४-२५ मध्ये सरकारने 'एक राज्य एक गणवेश' म्हणत कापड वरून घेतलं आणि शिलाई बचत गटांकडे दिली. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या, बऱ्याच मुलांना स्वातंत्र्यदिनापर्यंत गणवेश मिळाला नव्हता. मिळाला तो कुणाच्या गुडघ्यापर्यंत, कुणाच्या कोपरात अडकलेला. मुख्याध्यापकांनी लिहिलं, पालकांनी मुलांना ते कपडे घालून उभं केलं, पत्रकारांनी मापासकट बातम्या दिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवला आणि अधिकार परत शाळा समित्यांना मिळाले. तिथे कुणी हजारो कोटींचा आरोप केला नाही. बाही किती आखूड आहे ते दाखवलं. आखूड बाहीवर खुलासा करता येत नाही.

तेव्हा 'याचा उपयोग काय' असं विचारू नका, ते मला माहीत आहे. उलट तुम्हाला एक काम सांगते. अधिवेशन लागलं की पुरवणी मागण्यांचं, म्हणजे अर्थसंकल्पावरच्या जादा खर्चाचं, पुस्तक येतं. २०२४ मध्ये २८ जूनला अर्थसंकल्प मांडला आणि ९ जुलैला ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. म्हणजे अकरा दिवसांत एवढं सुचलं. पुस्तक जाड असतं, अक्षर बारीक असतं, आणि ते फुकट उतरवून घेता येतं. आपल्या तालुक्याचं नाव शोधा, त्यापुढची रक्कम बघा, मागच्या वर्षी त्याच कामाला काय होती ते बघा. वाढ दिसली तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून सुप्रमाचा तो तक्ता मागा. नाही दिसली, तर मला फोन करून तेही सांगा.